प्रार्थनेत काहीच वाटेनासं होतं तेव्हा

प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, रविवारी गाण्यांवर टाळ्या वाजतात पण आत काही हलत नाही, बायबल उघडलं की दोन ओळी होतात न होतात तोच डोकं ईएमआयमध्ये नाहीतर ऑफिसच्या मेलमध्ये जाऊन बसतं. आठवडाभर असं झालं तर आपण सोडून देतो, पण सहा महिने, वर्षभर तसंच चाललं की माणूस घाबरतो, आणि घाबरला तरी सांगत कुणालाच नाही, कारण आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये निदान आधीच तयार असतं. "अमुक थंड पडलाय हल्ली." अजून थोडे रविवार चुकले की "मागे गेला तो". एकदा हा शिक्का बसला की उपास सुचवणारे येतात, सैतानाला धमकावणारे येतात, घरी येऊन डोक्यावर हात ठेवणारे येतात, फक्त बाबा रे नक्की काय होतंय तुला, कधीपासून होतंय, असं बसून विचारणारा कुणी येत नाही.

ठाण्या-नवी मुंबईत हे सगळीकडे सारखंच आहे, मिस्साला जाणारे कॅथलिक असोत, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया)-मेथडिस्टवाले प्रोटेस्टंट असोत, नाहीतर खारघर-कामोठ्याकडे सोसायटीच्या हॉलमध्ये भरणाऱ्या फेलोशिपमधले. भाषा थोडी वेगळी, भीती तीच. म्हणून जरा सुटं सुटं करून सांगतो, कारण ख्रिस्ती परंपरेत या विषयावर भरपूर आणि फार शहाणं लिहून ठेवलंय आणि ते आपल्यापर्यंत पोचतच नाही.

आधी मुळातलं. विश्वास आणि विश्वासाने येणारं छान वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण सुरुवातीला त्या एकत्रच येतात म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात. नवीन बाप्तिस्मा झालेला असतो, नाहीतर एखाद्या रिट्रीटला जाऊन आलेलो असतो, तेव्हा प्रत्येक वचन आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटतं, डोळ्यात पाणी येतं, ट्रेनमध्ये उभ्याउभ्या प्रार्थना होते. मग ते ओसरतं. सोळाव्या शतकातला स्पेनचा एक साधू, कार्मेलाइट नावाच्या कॅथलिक संघातला, संत योहान क्रूसाचा, त्याने यावर सगळ्यात बारकाईने लिहिलंय. तो म्हणतो की देव सुरुवातीला आईसारखा वागतो, कडेवर घेतो, दूध पाजतो, लाड करतो, आणि मूल मोठं व्हायला लागलं की खाली उतरवतो, की आता चाल. खाली उतरवलेलं मूल रडतंच. त्याला वाटतं आईने टाकलं.

हे लिहिणारा माणूस आरामात बसून लिहीत नव्हता बरं का. १५७७ च्या डिसेंबरात त्याला त्याच्याच संघाच्या लोकांनी, म्हणजे परक्या शत्रूंनी नाही तर संघात सुधारणा नको असलेल्या आपल्याच भावांनी, उचलून तोलेदोच्या मठात कोंडलं. जेमतेम उजेड येणारी खोली, चाबकाचे फटके, बदलायला कपडे नाहीत, आणि हे जवळजवळ नऊ महिने. १५७८ च्या ऑगस्टमध्ये तो तिथून निसटला. आत असताना त्याने कविता केल्या. 'आत्म्याची काळोखी रात्र' असं जे लोक आज डिप्रेशनपासून ब्रेकअपपर्यंत कशालाही म्हणतात ते मूळ त्याचं आहे आणि त्याला त्यातून बरंच नेमकं काही म्हणायचं होतं, त्यावर येतो पुढे.

आणि स्पेनपर्यंत तरी कशाला जायचं, आपल्या ठाण्यातच घ्या. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे सोबती. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डन नावाचा डॉमिनिकन साधू त्या वेळी भरुचच्या बाजूला गेला होता म्हणून वाचला. त्याने परत येऊन आपल्या माणसांना सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात, पुरलं आणि मग तो या किनाऱ्यावर एकटा राहिला. त्यानंतरच्या वर्षांत त्याने इथून पाठवलेलं एक पत्र शिल्लक आहे आणि त्यात 'हालेलुया, सगळं उत्तम चाललंय' असलं काही नाहीये. समुद्री चाच्यांनी पकडलं, तुरुंगात टाकलं, भूक, तहान, ऊन, थंडी, आजार, अंगावर धड कपडा नाही, आणि वर ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनीच केलेली बदनामी, सगळी यादीच दिलीय त्याने, आणि आणखी माणसं पाठवा म्हणून विनवणी. १३२९ मध्ये पोपने त्याला केरळातल्या कोल्लमचा बिशप नेमलं. मला त्या बिशपपदापेक्षा हे पत्र महत्त्वाचं वाटतं. सातशे वर्षांपूर्वी आपल्या खाडीकाठी एक ख्रिस्ती माणूस थकलाय, कंटाळलाय, एकटा पडलाय आणि ते तो स्पष्ट लिहितोय. त्याला कुणी थंड पडला म्हटलं असतं का?

आता निदानाचं बघू, कारण सगळा कोरडेपणा एका जातीचा नसतो आणि औषध चुकलं की त्रास वाढतो.

पहिला आणि सगळ्यात कॉमन प्रकार म्हणजे निव्वळ दमणूक. यासाठी बायबलमधला एलीया संदेष्टा वाचा, १ राजे, अध्याय १९. आदल्याच अध्यायात हा माणूस कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवतो, एवढा मोठा विजय, आणि लगेच ईजबेल राणीची धमकी आल्यावर पळत रानात जाऊन एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं परमेश्वरा, माझा प्राण घे. आता देव काय करतो बघा. उपदेश नाही. एलीया झोपतो, दूत उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं, तो खातो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, खा म्हणतो, कारण पुढची वाट तुला झेपणार नाही. मग तो चाळीस दिवस चालत होरेब डोंगराला जातो, आणि तिथे देव त्याला विचारतो की तू इथे काय करतोयस. तेही शांत, मंद आवाजात. तिथे एलीया आपली सगळी तक्रार ओकतो, एकटाच उरलोय म्हणतो, देव त्याला सांगतो की अजून सात हजार आहेत, आणि सोबतीला अलीशा देतो. क्रम बघा ना, झोप, जेवण, परत झोप, परत जेवण, चालणं, आणि त्यानंतर कुठे बोलणं, आणि शेवटी सोबत. आपण नेमकं उलटं करतो, अर्धमेल्या माणसाला आधी तीन दिवसांचा उपास सांगतो.

आमच्या ओळखीतली एक मुलगी नर्स आहे, नेरुळला ड्युटी, राहायला कळव्याला. सलग नाईट चालू होत्या, सकाळी ट्रान्स-हार्बरने घरी यायचं, पोराचा डबा करून त्याला शाळेत सोडायचं, मग पडदे ओढून जमेल तेवढी झोप. ती महिला मंडळातल्या एका वयस्कर बाईंकडे जाऊन रडली.
"काकू, मला प्रार्थनाच होत नाही हो. गुडघे टेकले की झोप लागते. प्रभू रागावला असेल का माझ्यावर?"
"जेवलीस का तू आज?"
"नाही अजून."
"मग आधी जेव. ही घे, पापलेटची आमटी आहे. आणि गुडघे टेकल्यावर झोप लागते ना, तर मग झोप. लेकराला बापाच्या मांडीवर झोप लागली तर बाप काय हाकलून देतो का गं?"
या काकूंनी आयुष्यात कुठलं थिऑलॉजी कॉलेज बघितलेलं नाही. पण एलीयाच्या दूताने जे केलं तेच त्यांनी केलं आणि तेही बरोब्बर त्याच क्रमाने.

दुसरा प्रकार म्हणजे आजार, डिप्रेशन, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. झोप उडालीय किंवा झोपच झोप, खाणं सुटलंय, आवडीच्या कुठल्याच गोष्टीत मन नाही, आपण कुणाच्याच कामाचे नाही असं सतत वाटतंय, मरणाचे विचार येतायत, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर हा डॉक्टरकडे जायचा विषय आहे. प्रार्थना करा ना, जरूर करा, पण डॉक्टरकडे जाताना रिक्षात करा. ठाण्यात वाढलेल्या प्रत्येकाने 'तुला ठाण्याला पाठवू का' हा जोक शंभर वेळा ऐकलाय, मेंटल हॉस्पिटलमुळे आपल्या गावाचं नावच तसं पडलंय, आणि त्या जोकमुळे आपले लोक सायकियाट्रिस्टकडे जायला लाजतात आणि पास्टरकडे मात्र दहा वेळा जातात. मनाच्या आजारांसाठी टेली मानसचा सरकारी नंबर आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, तुम्ही बीपीची गोळी सकाळी घेता की रात्री? मजा म्हणजे संत योहानाने पण चारशे वर्षांपूर्वी हा फरक लिहून ठेवलाय, त्या काळच्या भाषेत तो 'मेलंकली', म्हणजे आजारासारखी उदासी, म्हणतो, कोरडेपणा त्यामुळेही असू शकतो असं स्पष्ट सांगतो, आणि दोन्ही एकत्र असू शकतात हेही.

तिसरा प्रकार, आपलाच हलगर्जीपणा किंवा लपवून ठेवलेलं काहीतरी. हे आपल्याला बहुतेक वेळा माहीतच असतं, त्यामुळे फार समजावायची गरज नाही. भांडण मिटवायचंय, पैसे परत करायचेत, मोबाईलवर रात्री दोनपर्यंत काय बघतो ते बंद करायचंय. कबूल करायचं, सरळ करायचं, पुढे जायचं.

आणि चौथा, ज्यावर कुणी बोलत नाही, मंडळीनेच केलेली जखम. पैशांचं राजकारण, कमिटीची भांडणं, घरातली गोष्ट प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितली आणि ती व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. अशा वेळी माणूस देवावर रागावलाय असं दिसतं पण तो खरा माणसांवर रागावलेला असतो, आणि जिथे ती माणसं बसतात तिथेच देवाला भेटायचं असल्यामुळे सगळं एकात एक गुंततं. याला वेळ लागतो, आणि कधीकधी दुसरी मंडळीही लागते.

हे सगळं तपासून झालं आणि यातलं काहीच नाही, तब्येत ठीक, झोप ठीक, लपवाछपवी नाही, तरी देव गप्प. तेव्हा योहान सांगतो ती 'रात्र' असू शकते. त्याने तीन खुणा दिल्यात. एक, देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही आणि बाहेरच्या गोष्टींतही वाटत नाही, म्हणजे प्रार्थना बोअर होते पण वेबसिरीज मात्र रात्रभर चालते असं असेल तर ही ती रात्र नव्हे, तो हलगर्जीपणा. दोन, आपण देवाची सेवा नीट करत नाही, मागे पडतोय, याची मनाला सतत टोचणी आहे. तीन, आधीसारखं चिंतन करायला गेलं, चित्र डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न केला, तर ते जमतच नाही, कितीही जोर लावला तरी.

यातली दुसरी खूण मला सगळ्यात मोलाची वाटते. ज्याची श्रद्धा खरंच संपली त्याला टोचणी नसते. तो मस्त असतो, रविवारी सकाळी उपवनला फिरायला जातो, मिसळ खातो. 'माझं आणि देवाचं काही राहिलंच नाही' म्हणून जो रात्री जागतो त्याचं बरंच काही राहिलेलं असतं. आणि हे आपल्या मराठी माणसाला तर सांगायलाच नको, तुकोबांच्या विरहाच्या अभंगांवर आपले कान तयार झालेत, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत बांधली ती उगाच नाही. भेट नाही म्हणून तळमळणं ही भक्तीच असते हे आपण विठ्ठलाच्या बाबतीत लगेच मान्य करतो, चर्चमध्ये आलो की मात्र विसरतो.

मदर तेरेसांचं उदाहरण सगळ्यांना थोडं थोडं माहीत असतं. २००७ मध्ये त्यांची खाजगी पत्रं छापली गेली तेव्हा जग हादरलं, कारण साधारण १९४९-५० पासून १९९७ ला मरेपर्यंत, मधला अगदी छोटा काळ सोडला तर, त्यांना देवाची जवळीक जाणवतच नव्हती. लोक म्हणाले, बघा, ढोंगी होत्या. पण यातला एक धागा आपल्या पुण्याचा आहे. जोसेफ नॉयनर नावाचे ऑस्ट्रियन जेझुइट फादर पुण्यात ईश्वरविज्ञान शिकवायचे, त्यांच्याकडे मदरनी हे मन मोकळं केलं. त्यांनी काय सांगितलं, तर यावर माणसाच्या हातात उपाय नाही, तुमची काही चूक झालीय असं समजू नका, आणि देवाची जी एवढी ओढ लागलीय ना, तीच तो आत असल्याची खूण आहे. म्हणजे पुन्हा तीच दुसरी खूण. १९६१ मध्ये मदरनी लिहिलं की अकरा वर्षांत पहिल्यांदा मला हा अंधार आवडायला लागलाय. अंधार गेला नाही हं. त्या त्यातच सकाळी उठून कामाला जात राहिल्या.

मग यात वाढतं काय? प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांच्या पत्रात, अध्याय ५ मध्ये, साखळी देतो, संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. वाचायला सोपं, पण धीर वाढताना धीर वाढतोय असं कधीच वाटत नाही, वैतागच वाटतो. बदल नंतर कळतो, आणि बऱ्याचदा दुसऱ्यांना आधी कळतो. पंडिता रमाबाईंचं बघा. १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे स्वतःच लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी माझ्या लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळालाच नव्हता. आठ वर्षं! आणि त्या आठ वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या, शारदा सदन त्याच काळात सुरू झालं. पुढे केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, बायबलचं भाषांतर, आणि शेवटी १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, १९२२ मध्ये त्या स्वतः. सगळा प्रवास चढत्या आलेखाचा नव्हता. आज केडगावला जाऊन बघितलं तर वाढ दिसते, पण ती तेव्हा त्यांना रोज दिसत असेल असं मला अजिबात वाटत नाही.

करायचं काय, यासाठी मी लोयोलाच्या संत इग्नाशियसचं ऐकतो. हा सैनिक, १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, मग देवाकडे वळला, आणि वळल्यावर लगेच मनरेसा नावाच्या गावात इतका आत खचला की जीव द्यावा असे विचार यायचे. त्यामुळे त्याचे नियम अनुभवाचे आहेत. सगळ्यात कामाचा नियम हा, की आत अंधार असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. मंडळी सोडायची, सेवा सोडायची, लग्न मोडायचं, प्रार्थना कायमची बंद करायची, हे निर्णय उजेडात घ्या. (तुमच्यावर कुणी अत्याचार करत असेल तर हा नियम लावत बसू नका, आधी तिथून बाहेर पडा.) दुसरं, अंधाराने म्हटलं पाच मिनिटं कमी कर तर तू एक मिनिट जास्त बस, हा त्याचा सैनिकी खाक्या. मी यात थोडी सूट देतो, दमलेल्या माणसाने प्रार्थना छोटी करावी पण रोजची ठेवावी, ट्रेनमध्ये ऐरोली ते तुर्भे प्रभूची प्रार्थना एकदा सावकाश म्हटली तरी चालेल. तिसरं, लपवू नका. एका समजूतदार माणसाला सांगा, फादर असो, पाळकसाहेब असोत, नाहीतर ती पापलेटवाली काकू असो. एकालाच, ग्रुपवर नाही.

आणि शब्दच सुचत नसतील तर बायबलमधली स्तोत्रं उसनी घ्या. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश रडण्याची, तक्रारीची आहेत, आपण मात्र दिलासा देणारी २३ आणि ९१ पाठ करतो आणि बाकीची सोडून देतो. १३ वं काढा, सहाच वचनं आहेत, सुरुवातच 'किती दिवस विसरणार आहेस मला' इथून. २२ वं काढा, वधस्तंभावर येशूने त्याचीच पहिली ओळ ओरडून म्हटली. आणि फारच वाईट दिवस असेल तर ८८ वं. बाकीच्या विलापांना शेवटी बहुतेक आशेचं वळण असतं, याला नाही, ते अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी त्याला शेवटी एक हालेलुया जोडून दिला नाही.

आमच्याकडे साक्षीच्या वेळेत, म्हणजे देवाने काय केलं ते उभं राहून सांगतात तेव्हा, नेमका हाच हालेलुया जोडला जातो. आजारी होतो, बरा झालो, प्रेज द लॉर्ड. नोकरी गेली होती, लागली, प्रेज द लॉर्ड. चांगलंच आहे, पण जो अजून आजारी आहे, ज्याची अजून लागली नाही, त्याने कधी उभं राहायचं? पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं आणि तो निघाला नाही, 'माझी कृपा तुला पुरेशी आहे' एवढंच उत्तर आलं. पौल आज साक्ष द्यायला उभा राहिला तर अर्ध्यावर माईक काढून घेतील की काय असं मला कधीकधी वाटतं. एखाद्या रविवारी पाळकांनी नुसतं म्हणावं, 'ज्यांचं अजून मध्येच आहे त्यांनीही बोला', बघा किती जण उठतात.

राहता राहिले मित्र आणि घरचे. बायबलमध्ये सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. नंतर तोंड उघडलं, तुझंच काहीतरी चुकलं असेल म्हणाले, आणि शेवटी देवानेच त्यांना सुनावलं की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. तेव्हा तुमचा कुणी असा कोरडा पडला असेल तर रोज सकाळचं गुलाबाच्या फुलावर लिहिलेलं वचन फॉरवर्ड करू नका, त्याच्याकडे जा, रविवारी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसा, त्याला गाणं म्हणवत नसेल तर तुम्ही म्हणा, आणि उपासना संपल्यावर बाहेर चहा प्यायला घेऊन जा. तिथेही लगेच 'मग, प्रार्थना कशी चाललीय' विचारायची घाई नको.